चादरींच्या खोलीचं दार

धाकटीनं चादरींच्या खोलीला आतून कडी लावली तेव्हा दुपारची पाळी नुकतीच सुरू झाली होती. अतिदक्षता विभागातली ही सगळ्यात लहान नर्स. साथ आली आणि नोकरीत रुळायच्या आतच तिला या मजल्यावर आणून उभं केलं.

विभाग सांभाळणाऱ्या मोठ्या सिस्टर दाराशी आल्या. सकाळीच धाकटीनं सुट्टी मागितली होती. "सुट्टी मला मेल्यावर मिळेल, तेव्हा तुलाही सोबत नेते," असं म्हणून त्यांनी ती हसण्यावारी नेली होती.

"दार उघड, बाळा."

"नाही. मी ते पीपीई किट घालणार नाही. काल खिडकीजवळच्या काकांनी माझा हात धरला होता, सिस्टर. दुसरीकडे अलार्म वाजला म्हणून मी तो सोडवून घेतला. परत आले तर हात गार पडला होता."

 तेवढ्यात वॉर्डात अलार्म किंचाळू लागला. डॉक्टर आणि दुसरी नर्स एका पेशंटला पालथं करत होते, त्यांना हात सोडता येत नव्हते.

"इथंच थांब," म्हणत मोठ्या सिस्टर धावल्या. घाईत पहिला हातमोजा टरकन फाटला. दुसरा चढवून त्या आत शिरल्या. कोपऱ्यातल्या आजींची श्वासनळी कफानं तुंबली होती. पडद्यावरचा ऑक्सिजनचा आकडा भराभर उतरत होता. सक्शनची नळी हातातून निसटली. नवी घेतली, तीही निसटली. तिसरी नीट गेली. कफ खेचला गेला, पण आकडा हलेना. मग सावकाश, जिवावर आल्यासारखा तो वर चढू लागला.

किट उतरवून त्या परत आल्या आणि दाराला पाठ टेकून खाली बसल्या.

"वाचल्या?" आतून आवाज आला.

"वाचल्या. पण माझे हात थरथरतायत गं. आज थोडक्यात निभावलं."

"तुमचे हात?"

"माझेच. कोणाला बोलले नाही इतकंच."

 कडी निघाली. रडून सुजलेला चेहरा त्यांनी खांद्याशी घेतला आणि तिथूनच रुग्णालयाच्या प्रमुखांना फोन लावला.

"साहेब, आजच मला आणखी दोन नर्स हव्यात."

"सिस्टर, माणसं काय झाडाला लागतात?"

"मग खाटा कमी करा. दमलेल्या हातांत मी पेशंट देणार नाही. आणि त्यात माझेही हात आले."

 "बघतो," म्हणून साहेबांनी फोन ठेवला.

संध्याकाळी डोळ्यांच्या विभागातून दोघी आल्या, भेदरलेल्या. मोठ्या सिस्टरांनी त्यांना किट घालायला शिकवलं. धाकटीला न्यायला तिचे वडील आले होते. ती परतली ते आठवडा उलटल्यावर. पहिल्या दिवशी दाराशी घुटमळली, पण आत गेली.

मोठ्या सिस्टरांनीही एक दिवस रजा घेतली. दुपार टळून गेली तरी उठल्या नाहीत. शेवटी नवऱ्यानं घाबरून नाकाशी बोट धरलं, तर त्या झोपेतच खेकसल्या, "जिवंत आहे, झोपू दे!"