डोंगरात व्हिनेगर कोण ओततं?

चौथीच्या बाईंचा ज्वालामुखी शाळेत नावाजलेला होता. एकोणीस वर्षं बाई चौथीला शिकवत होत्या आणि एकोणीस वर्षं तोच डोंगर फुटत होता. पुठ्ठ्यावर बाटली उभी करायची, भोवती माती थापायची, बाटलीत खायचा सोडा टाकायचा आणि वरून लाल रंग घातलेलं व्हिनेगर ओतायचं. फसफसून फेस उतू जायचा, मुलं बाकांवर चढायची, शेजारच्या तिसरीच्या बाई दारात येऊन उभ्या राहायच्या. मिशा फुटलेले जुने विद्यार्थी रस्त्यात भेटले, तर बाकी सगळं विसरलेले असायचे. "बाई, तो ज्वालामुखी" एवढं मात्र त्यांना आठवायचं.

त्या वर्षी वर्गात मध्येच एक मुलगी दाखल झाली. तिचं प्रत्येक वाक्य 'पण'ने सुरू व्हायचं. "बाई, पण शून्याने भागलं तर?" "बाई, पण माशांना पापण्या नसतात, मग ते झोपतात कसे?" आठवडाभरात मुलांनी तिचं नाव पणती ठेवून टाकलं. तिलाही ते आवडलं असावं, कारण वहीच्या पहिल्या पानावर तिने स्वतःच एक छोटी पणती काढून ठेवली होती.

डोंगर फुटला त्या दिवशी बाकीची मुलं टाळ्या पिटत होती आणि ही टेबलाशी उभी राहून फेसाकडे बघत होती.

"बाई, पण डोंगरात व्हिनेगर कोण ओततं?"

वर्ग खो खो हसला. बाईही हसल्या. "अगं, हे आपलं दाखवण्यापुरतं. खऱ्या डोंगरात व्हिनेगर नसतं. तिथे तापलेला रस असतो. दगड वितळून झालेला."

तिने फेसात बोट घातलं. "पण हा तर गार आहे."

"बोट काढ आधी त्यातून. आणि जागेवर बस. प्रत्येक गोष्टीत फाटे फोडायचे नसतात."

आवाज बाईंना हवा होता त्यापेक्षा चढाच लागला. पणती जाऊन बसली. उरलेला तास तिने तोंड उघडलं नाही. दुसऱ्या दिवशीही नाही.

डोंगर फुटला त्याच दिवशी, मुलं घरी गेल्यावर पुठ्ठा धुवायला नळावर नेताना बाईंनी बाटलीत उरलेल्या सोड्यावर थोडं व्हिनेगर ओतलं आणि स्वतःचं बोट घालून पाहिलं. फेस नुसता गार नव्हता, नळाच्या पाण्याहून गार होता. एकोणीस वर्षांत त्यांना हे कधी कळलं नव्हतं, कारण त्यांनी कधी हात लावून पाहिलंच नव्हतं. जिने पाहिलं, तिला त्यांनी खाली बसवलं होतं. बाई नळ सुरू ठेवून तशाच उभ्या राहिल्या.

घरी सासरे शेंगा सोलत बसले होते. त्यांनी चौतीस वर्षं फाउंड्रीत लोखंड ओतलं होतं आणि तिथल्या धडधडाटात एक कान गमावला होता. बाई त्यांच्या चांगल्या कानाच्या बाजूला बसल्या आणि सगळं सांगितलं.

"पोरीचं बरोबर आहे," सासरे म्हणाले. शेंगा सोलणं थांबलं नाही.

"ते मलाही कळतंय, बाबा. पण आता करू काय?"

"रस वर का येतो, ते तुला ठाऊक आहे का?"

बाईंनी पुस्तकातलं सांगितलं. जमिनीखाली शिलारस असतो, दाब वाढतो आणि तो बाहेर पडतो.

"दाब कशाने वाढतो?"

पुस्तकात ते वाक्य तिथेच संपत होतं.

सासऱ्यांनी बाही वर केली. कोपरापासून मनगटापर्यंत पांढरे बारीक ठिपके होते. बाईंनी ते लग्न होऊन आल्यापासून पाहिले होते, पण कधी विचारलं नव्हतं. "साच्यात जराशी ओल राहिली होती. रस ओतला, त्या ओलीची वाफ झाली, वाफेला जागा मिळेना. लोखंड छतापर्यंत उडालं. डोंगराचंही तसंच असणार. तापलेला रस भोवतालच्या दगडापेक्षा हलका, म्हणून तो वर सरकतो. त्यात वाफ आणि वायू कोंडलेले. वर वाट सापडली की उसळतो."

"हे मी नऊ वर्षांच्या मुलांना कसं दाखवू? लोखंड वितळवू?"

"मेण वितळव," सासरे म्हणाले. "तळाला मेण, वर वाळू, त्यावर गार पाणी. खालून आच दे. मेण वितळेल, फुगेल, पाण्यापेक्षा हलकं म्हणून सुटून वर यायला बघेल. वाळू त्याला अडवेल. बघ मग काय होतं ते."

रविवारी सकाळी दोघं स्वयंपाकघरात शिरले. पहिल्यांदा मुरंब्याची बरणी घेतली, ती आचेवर तडकली आणि शेगडीभर मेण पसरलं. दुसऱ्यांदा स्टीलचा डबा घेतला. तो तडकला नाही, पण आत काय चाललंय ते दोघांनाही दिसेना. सासरे डब्याला चांगला कान लावून म्हणाले, "काहीतरी होतंय." बाईंना हसू आवरेना. सोमवारी बाईंनी वरच्या वर्गांच्या प्रयोगशाळेतून जाड काचेचं चंचुपात्र, तिवई आणि स्पिरिटचा दिवा मागून आणला. वाळू जास्त झाली तेव्हा मेण खालीच कोंडून राहिलं, कमी झाली तेव्हा कधी वर आलं ते कळलंच नाही. तीन दिवस घरात विझलेल्या मेणबत्तीचा वास होता. बाईंच्या नवऱ्याने ताटावर बसून शांतपणे विचारलं, "भाजीत मेण पडलंय की मेणात भाजी?" बुधवारी संध्याकाळी अकराव्या खेपेला ते जमलं. सासऱ्यांनी सुनेच्या पाठीवर थाप दिली, फाउंड्रीत नव्या कामगाराचा पहिला नग नीट उतरल्यावर देत असतील तशी.

गुरुवारी बाई वर्गात गेल्या आणि हजेरी घेण्याआधीच बोलल्या.

"मी तुम्हाला जो ज्वालामुखी दाखवला, तो दिसायला तसा होता, पण तसा नव्हता. आपल्या वर्गात एकीने हात लावून बघितलं आणि बरोबर प्रश्न विचारला. मला उत्तर येत नव्हतं, म्हणून मी तिला रागावले. ते माझं चुकलं."

बाई चुकतात हे मुलांना ठाऊक होतं, पण तसं सांगतात हे नवीन होतं. पणतीने मान हलवली, इतकंच.

दुसऱ्याच दिवशी पालकांसाठी विज्ञान प्रदर्शन होतं. बाई मुख्याध्यापिकांच्या खोलीत गेल्या. त्यांना सगळी शाळा मोठ्या बाई म्हणायची. प्रयोगशाळेतला पडदा जळाला, तेव्हापासून मोठ्या बाईंनी खालच्या वर्गांत काडेपेटीसुद्धा बंद केली होती.

"पेटता दिवा? चौथीच्या मुलांपुढे?" मोठ्या बाईंनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. "आणि कशासाठी? पालक तुमचा लाल फेस बघायला येतात. फोटो काढतात. चाललंय ते छान चाललंय."

"एकोणीस वर्षं मी फेस दाखवला, मॅडम. एका मुलीने बोट घालून पाहिलं, तर तो गार निघाला."

मोठ्या बाईंनी खिडकीतून मैदानाकडे पाहिलं. "आणि उद्या तुमचं मेण वर आलंच नाही तर?"

"तर आलं नाही असं सांगेन."

"सगळ्या पालकांसमोर?"

"हो."

मोठ्या बाईंनी चष्मा पुन्हा चढवला. "मैदानात करा. शेजारी वाळूची बादली ठेवा. मुलं दोरीच्या बाहेर. दिव्याला तुमच्याशिवाय कुणी हात लावायचा नाही."

शुक्रवारी सकाळपासून वारा होता.

मैदानाच्या मधोमध टेबल मांडलं, भोवती दोरी लावली. दोरीबाहेर पुढे मुलं, मागे पालक, एका खुर्चीवर सासरे, आणि जरा बाजूला हाताची घडी घालून मोठ्या बाई. चंचुपात्राच्या तळाशी लाल मेणाचा थर, त्यावर दोन बोटं वाळू, वर बर्फाचं पाणी. बाईंनी दिवा पेटवला. ज्योत आडवी झाली, तिवईबाहेर गेली, परत आली, पुन्हा आडवी झाली.

पाच मिनिटं गेली. दहा गेली. घरी एव्हाना मेण वितळलेलं असायचं.

"आता काय चाललंय आत?" बाईंनी मुलांना विचारलं.

"काहीच नाही," पहिल्या रांगेतला एक गोलमटोल मुलगा प्रामाणिकपणे म्हणाला.

मागे हशा पिकला. एक पालक घड्याळ बघायला लागले. कुणीतरी म्हणालं, "तो लालवाला बरा होता. लगेच व्हायचा." बाईंनी दिवा जरा सरकवला, ज्योत तिकडूनही पळाली. त्यांनी सासऱ्यांकडे पाहिलं. सासरे ज्योतीकडे बघत होते आणि त्यांच्या कपाळावर आठ्या होत्या. मोठ्या बाई एक पाऊल पुढे आल्या. बाईंना वाटलं, संपलं आता, दिवा विझवायला सांगणार.

"बाई, पण ऊन आत जातच नाहीये."

आवाज दोरीजवळून आला. पणती टाचा उंचावून उभी होती. "म्हणजे ऊन नाही, आच. ती वारा नेतोय. पण वारा एकाच बाजूने येतोय. तिकडे भिंत असती तर?"

"भिंत कुठून आणायची?" बाईंनी विचारलं.

पणतीने मागे वळून पालकांकडे पाहिलं. मग कुणाला न विचारता ती बोलायला लागली. "काका, तुम्ही या बाजूला या. मावशी, तुम्ही त्यांच्या शेजारी. अजून चिकटून. अजून. पिशव्या पायाशी ठेवा, खालून पण वारा येतो."

मोठी माणसं आधी हसली, मग सरकली. घड्याळ बघणारे पालकसुद्धा रांगेत लागले. खांद्याला खांदा लावून तीस-पस्तीस जणांची भिंत उभी राहिली. एक जागा मोकळी होती. पणतीने मोठ्या बाईंकडे पाहिलं आणि पहिल्यांदाच अडखळली. मोठ्या बाई गेल्या आणि त्या जागी उभ्या राहिल्या.

ज्योत सरळ झाली.

"आता सांगा," बाई म्हणाल्या, "आत काय चाललंय?"

या वेळी उत्तरं धडाधड आली. तळाचं मेण चकाकतंय. कडेने वितळतंय. फुगलंय. वाळू एका ठिकाणी वर उचलली गेलीये. "डोंगर झाला," गोलमटोल मुलगा म्हणाला, आणि खरंच वाळूला बोराएवढा उंचवटा आला होता.

"बरीच वर्षं डोंगर असाच दिसतो," बाईंनी सांगितलं. "वर गवत उगवतं, पायथ्याशी माणसं घरं बांधतात. वरून बघणाऱ्याला वाटतं, काहीच होत नाहीये. खाली मात्र रस..."

वाक्य पुरं झालंच नाही. वाळूचा उंचवटा फुटला आणि लाल मेणाचा खांब सरसरत वर चढला. गार पाण्यात शिरताच त्याच्या कडा थिजल्या, पण आतून नवा रस येतच राहिला, थिजलेल्याला फोडून वर, आणखी वर, पार पाण्याच्या पृष्ठभागावर. तिथे तो पसरला आणि घट्ट झाला. लगेच दुसरीकडून एक खांब फुटला, वाकडातिकडा, फांद्या फुटलेला. वाळू ढगासारखी उडून पाण्यात खाली बसत होती.

मग जो गलका उठला, तो रस्त्यापलीकडच्या दुकानातून लोक बाहेर येण्याइतका मोठा होता. मुलं दोरीशी उड्या मारत होती, पण दोरी एकानेही ओलांडली नाही. माणसांची भिंत केव्हाच मोडली होती, सगळे काचेवर वाकले होते. सासरे खुर्चीवर उभे राहिले होते आणि त्यांना उतरवायला दोन पालक धावले. बाईंनी दिवा विझवला. त्यांच्या तोंडभर हसू होतं.

"कुणी ओतलं का वरून काही?" त्यांनी विचारलं.

"नाही," सगळा वर्ग ओरडला.

"मग ते वर कसं आलं? कोण सांगेल?"

पणती सांगायला लागली. मेण तापलं, वितळून सुटलं, पाण्यापेक्षा हलकं म्हणून वर निघालं. वाळूने अडवलं. मग जिथे वाळू सर्वांत कमजोर, तिथून ते फुटलं. बाईंनी वर्गात सांगितलं होतं तसं, खऱ्या डोंगरात शिवाय वाफ आणि वायू असतात, म्हणून तो नुसता वाहत नाही, उसळतो. ती एकदाही अडखळली नाही. घड्याळवाल्या पालकांनी तिला विचारलं, मग सगळेच डोंगर का फुटत नाहीत, आणि ती म्हणाली, सगळ्यांच्या खाली आच नसते. टाळ्या पडल्या तेव्हा तिने गोंधळून मागे पाहिलं, दुसऱ्या कुणासाठी आहेत का म्हणून.

त्या दिवशी तो डोंगर चार वेळा फुटला, कारण प्रत्येक वर्गाला तो बघायचा होता. मोठ्या बाई चारही वेळा भिंतीत उभ्या राहिल्या आणि शेवटी म्हणाल्या, "सोमवारपासून तिसरी ते सातवी, सगळ्या शिक्षकांना हे शिकवा. काडेपेटी माझ्याकडून न्या." मधल्या वेळात मुलांनी सासऱ्यांना घेरलं होतं. ते बाही वर करून ठिपके दाखवत होते आणि कमी ऐकू येत असल्यामुळे प्रत्येक उत्तर साऱ्या मैदानाला ऐकू जाईल एवढ्या मोठ्याने देत होते.

शनिवारी बाईंनी थंड झालेल्या पात्रातून मेण आणि वाळूचा गोळा अलगद बाहेर काढला आणि सुरीने मधोमध कापला. आत लाल नळ्या दिसल्या. एक तळापासून थेट वरपर्यंत गेलेली, एक अर्ध्या वाटेतच थबकलेली. चाळीस डोकी टेबलावर आदळली.

"ही का थांबली?" कुणीतरी विचारलं.

"तुम्हाला काय वाटतं?" बाई म्हणाल्या, आणि एका वेळी अकरा जण बोलायला लागले. गोलमटोल मुलाचं म्हणणं होतं की तिचा रस संपला. दुसऱ्याला वाटत होतं की तिथे वाळू जास्त दाबली गेली होती. तिसरीच्या बाई गलका थांबवायला दारात आल्या होत्या. त्या आत शिरल्या, पदर खोचला आणि म्हणाल्या, "सरका जरा, मला बघू दे."