चिंचेखालचा शेंदूर

बीदरच्या सुलतानी काळच्या बागेत आम्ही दर रविवारी फुकटात गवत काढायलाव, अन् कुणीतरी हलकट रस्त्याकडच्या चिंचेखाली शेंदूर फासलेले दगड मांडायलाय! आज दगड, उद्या देऊळ, परवा बागच गायब. माझा संशय फाटकावरच्या हरिओम पानवाल्यावर होता. म्हणून पहाटे दबा धरून बसलो, तर शेंदराची वाटी घेऊन आल्या आमच्याच गटातल्या रत्नम्मा!

"अक्का, तुमच्या गळ्यात इष्टलिंग. तुम्ही दगडाला हात जोडत न्हाईत. मग हे कामून?"

"मी कुठं जोडायले?" त्या शेंदूर फासत म्हणाल्या. "रस्ता रुंद करायला चिंच तोडणारे यायलेत. ते जोडतील."

मी खूश होऊन मागं वळलो. हरिओम चपला काढून, नारळ घेऊन चिंचेकडं यायलता.