कासवाची चार मिनिटं

बरोबर वीस मिनिटांनी संगणकाच्या पडद्यावर कासव आलं.

सूचिकारांच्या बोटांत त्या वेळी 'कालवे, मातीचे' हे शब्द होते आणि डोक्यात पान तीनशे चौदा. शब्द अर्धाच उमटला, पडदा हिरवागार झाला आणि एक हसरं कासव मान लांब करून म्हणालं, 'चला, हातांना जरा विसावा देऊया!' खाली चार मिनिटांचं घड्याळ उलटं पळू लागलं.

"आलं मेलं!" सूचिकार ओरडले.

"कोण आलं?" ठाऊक असूनही बायकोने आतून विचारलं.

"तुझ्या माहेरचं माणूस!"

कासव ती नोकरी करायची त्या ग्रंथालयातून आलं होतं, हे खरंच. दर वीस मिनिटांनी काम थांबवणारं हे सॉफ्टवेअर तिथल्या सगळ्या संगणकांवर होतं. तिनेच ते घरी आणून बसवलं आणि पासवर्ड स्वतःजवळ ठेवला. कोणता शब्द कोणत्या पानावर आहे, ते सांगणारी सूची जाड पुस्तकांच्या शेवटी असते. ती करण्यात सूचिकारांची तीस वर्षं गेली होती. दुसरं काही त्यांना येत नव्हतं. आता उजवं मनगट असं ठणकत होतं, की बाटलीचं झाकण फिरवताना डोळ्यांत पाणी यायचं. व्यायामोपचार करणाऱ्या डॉक्टरीणबाईंनी पकडीची ताकद मोजणारं एक यंत्र मुठीत दाबायला दिलं. काटा बावीस किलोवर थांबला.

"सहा आठवड्यांत हा वर सरकला नाही, तर शस्त्रक्रिया," त्या म्हणाल्या होत्या. "आणि नंतर हात पूर्वीसारखा चालेलच, असं मी लिहून देणार नाही."

तेव्हा सूचिकारांनी कासवाचं ऐकायचं ठरवलं. चरफडत, दातओठ खात, पण ऐकलं. कळफलकाला हात लावू नका, असं पडद्यावर लिहिलेलं असे. त्यांनी बोटसुद्धा लावलं नाही. तीनशे चौदा विसरू नये म्हणून ते फक्त खणातून कोऱ्या चिठ्ठ्या काढत. संगणक येण्याआधी सगळी सूची चिठ्ठ्यांवरच तर होत असे. चार मिनिटांत आठ-दहा चिठ्ठ्या सहज होत. पडदा उघडला, की त्या टाइप करायच्या.

तीन आठवड्यांनी काटा एकोणीसवर थांबला.

"पाहिलंत?" सूचिकार विजयी मुद्रेने म्हणाले आणि लगेच घाबरले. "म्हणजे, मी सांगत होतो, त्या कासवाचा काही उपयोग नाही. एकही सुट्टी चुकवली नाही मी. विचारा हिला."

"नाही चुकवली," बायको म्हणाली. "शिव्या देत का होईना, थांबतात."

डॉक्टरीणबाईंनी त्यांचं मधलं बोट उलटंसुलटं करून पाहिलं. "हा निळा डाग कसला?"

"शाईचा."

"आणि हा घट्टा?"

"पेनाचा. सुट्टीत जरा चिठ्ठ्या लिहितो."

डॉक्टरीणबाईंनी बायकोकडे पाहिलं. सूचिकारांना वाटलं, आपण काही भलतंच बोललो की काय.

"अहो," बायको म्हणाली, "सुट्टी हाताला होती की कळफलकाला?"

"तसं स्पष्ट लिहिलेलं नव्हतं कुठे."

"वीस मिनिटं टाइप करायचं, चार मिनिटं लिहायचं, मग लिहिलेलं पुन्हा टाइप करायचं! एकाचं दुप्पट काम केलंत, आणि दोष त्या मुक्या जनावराला!"

घरी आल्यावर तिने चिठ्ठ्या आणि झाडून सगळी पेनं कपाटात टाकून किल्ली कमरेला लावली. पुढचे तीन आठवडे म्हणजे निव्वळ छळ. कासव आलं, की सूचिकार दोन्ही हात मांडीवर उताणे टाकून, शिक्षा झालेल्या पोरासारखे पुटपुटत बसत, "चारशे सहा, चारशे सहा, चारशे सहा..."

"किती मिनिटं राहिली?" आतून हाक येई.

"तीन!" आणि चारशे सहा गेलं वाऱ्यावर. मग पुन्हा सगळं प्रकरण चाळायचं. दिवसाकाठी पंचवीस पानं होत, तिथे पंधरा होऊ लागली. प्रकाशकाचा फोन आला, की सूचिकार बायकोला पुढे करत.

सहाव्या आठवड्यात त्यांनी डोळे मिटून यंत्र दाबलं. उघडले तेव्हा काटा चोवीसवर होता.

"शस्त्रक्रिया तूर्तास टळली," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "पण आत्ताशी कुठे वळण लागलंय. सोडू नका."

त्या दिवशी संध्याकाळी ते कामाला बसले, तशी बायको मागे येऊन उभी राहिली. सहा आठवड्यांचा वैताग तिच्याही चेहऱ्यावर होता.

"मला आता तुमची राखण होत नाही. पासवर्ड सांगते. ठेवायचं की काढायचं, तुमचं तुम्ही बघा."

सूचिकारांनी कपाटाकडे पाहिलं, मग आपल्या बोटाकडे. शाईचा डाग गेला होता. त्यांना स्वतःची चांगली ओळख होती. तीस वर्षांत त्यांनी हातातलं पान अर्धवट टाकून कधी जेवणसुद्धा केलं नव्हतं.

"नको, सांगू नकोस," ते घाईघाईने म्हणाले. "सांगितलास तर मी उद्याच काढीन."

तेवढ्यात पडदा हिरवा झाला. पान पाचशे बारा होतं, आणि ओळ अगदी मधोमध तुटली होती. सूचिकारांनी दात आवळले, हात उचलले आणि मांडीवर ठेवले.

"पण हे एवढं हसतं कशाला?" ते करवादले. "तेवढं तरी बंद करता येतं का बघ."