लांबची पेंडी

कामिनीने फेकलेला लोखंडी गोळा फेक मोजणाऱ्या संजीव सरांच्या बुटापासून वीतभर अंतरावर धप्पकन पडला. सर टुणकन मागे उडाले आणि टेप उलगडता उलगडता म्हणाले, "ताई, गोळा लांब फेकायचा असतो, माझ्या पायावर नाही."

"तुमच्याच जवळ देल्ला सर. तुमी उभे होते न तिथं," कामिनी म्हणाली.

बघायला बसलेले लोक हसले. कामिनीला त्यात हसण्यासारखे काय ते कळले नाही.

भंडाऱ्याच्या मैदानावर दिव्यांगांच्या जिल्हास्पर्धा चालू होत्या. कामिनीचा गट बसून गोळा फेकणाऱ्या बायकांचा. जमिनीत खुंट्या ठोकून लोखंडी खुर्ची घट्ट बांधलेली, त्यात बसायचे आणि तीनदा फेकायचे. ज्या दोघींचा गोळा सगळ्यांत लांब जाईल त्या राज्याच्या स्पर्धेला जाणार. पहिल्या फेकीनंतर कामिनी शेवटून दुसरी होती.

सानगडीजवळच्या एका गावात कामिनी सून म्हणून आली तेव्हाच तिचे दोन्ही पाय पोलिओने वाळलेले होते. चिखलात उतरून धानाची रोवणी करणे तिला शक्य नव्हते. मग सासूने, गिरजाबाईने, तिला बांधीच्या धुऱ्यावर, म्हणजे शेताच्या बांधावर, बसवले आणि शेजारी पऱ्ह्यांच्या, धानाच्या कोवळ्या रोपांच्या, पेंड्यांचा ढीग लावून दिला. बायका ओळीने वाकून रोपे लावत. हातातली संपली की मान वर न करता हाक येई, "कामिनी, पेंडी!" आणि कामिनीने फेकलेली पेंडी बरोबर त्या बाईच्या हाताशी चिखलात जाऊन उभी राही. कोणाच्या तोंडावर चिखलाचा थेंब उडत नसे. गिरजाबाई हाताची चपळ, ती नेहमी सगळ्यांच्या पुढे, पार दुसऱ्या टोकाला गेलेली असे. सासूची पेंडी सगळ्यांत लांबची. तीही कधी कमी पडली नाही.

यंदा गावात रोवणीचे यंत्र आले. कामिनी सवयीने धुऱ्यावर जाऊन बसली, तर हाक मारायला चिखलात कोणी नव्हतेच. ती दुपारच्या आत परतली. त्या संध्याकाळी हातपंपावर शेजारणीने विचारले तेव्हा गिरजाबाई सहज बोलून गेली, "कामिनी काय, आता बसूनच असते." म्हातारीच्या मनात वाईट नव्हते, पण ते कामिनीच्या कानावर गेले आणि तिला फार लागले. इतकी वर्षे ती बसूनच तर सगळे करत आली होती. दोन दिवसांनी गावात आरोग्याचे काम बघणारी आशाताई स्पर्धेसाठी नावे विचारत आली, तेव्हा घरात कोणाला न पुसता कामिनीने स्वतःचे नाव देऊन टाकले. आपल्या हाताला कुठेतरी काम आहे एवढे तिला बघायचे होते.

गिरजाबाई कुरकुरत का होईना, सोबत आली. "एकट्या बाईले येष्टीत कोन चढवून देईन?" म्हणाली आणि पिशवीत भाकरी बांधून निघाली.

दुसऱ्या फेकीच्या वेळी संजीव सर शहाणपणाने बाजूला, रेषेच्या बाहेर जाऊन उभे राहिले. कामिनीने गोळा मानेशी धरला आणि समोर पाहिले. समोर नुसते सपाट मैदान होते. तिचा हात ढिला पडला. गोळा पहिल्यापेक्षाही अलीकडे पडला.

"अहो ताई, काय झालं? जोर लावा ना!"

"कुठं फेकू सर? तिकडे कोनीच नाही."

"कोणी नसतंच तिकडे. नुसतं लांब फेकायचं."

"असं कसं फेकावं? घेनारं कोनी तं पायजे न."

सरांनी कपाळाला हात लावला. कामिनीने मान खाली घातली. एकच फेक उरली होती आणि ती कशी जाणार हे तिला आताच कळले होते. उद्या गावात काय बोलतील ते काही नवे नव्हते, पण आपला हातही आता गेला, हा विचार तिला सोसवेना. डोळे भरून आले.

गिरजाबाई मैदानाभोवती बांधलेल्या दोराच्या बाहेर बसून हे सगळे ऐकत होती. ती उठली. पदर कमरेला खोचून दोराच्या कडेकडेने चालत थेट मैदानाच्या पलीकडच्या टोकाला गेली.

"आजी, तिकडे कुठे? इकडे या, लागेल!" सर ओरडले.

"मी दोराच्या बाहेरच हावो मास्तर. तुमचं चालू द्या."

आणि त्या कोरड्या मैदानाच्या काठावर म्हातारी कमरेत वाकली. हात मातीपर्यंत खाली नेले, मान वर केली नाही आणि शेतात मारत असे तशी हाक मारली, "कामिनी, पेंडी फेक वो! माह्या हातातली सरली!"

कामिनीने डोळे पुसले नाहीत. खुर्चीची दांडी डाव्या हाताने पकडली आणि उजव्या हाताने गोळा सोडला.

संजीव सर धावत गेले, टेप लावली, वही बघितली, पुन्हा टेप लावली. "ताई, पहिल्या आल्या तुम्ही! सगळ्यांत लांब!" लोकांनी टाळ्या वाजवल्या.

कामिनीचे तिकडे लक्ष नव्हते. गोळा मैदानाच्या मध्यावरच पडला होता आणि वाकलेली सासू अजून कितीतरी पलीकडे होती.

"आई," ती रडवेल्या आवाजात ओरडली, "पोचली नाही वो!"

गिरजाबाई गुडघ्यावर हात टेकून सरळ झाली. "राहू दे," ती म्हणाली, "मीच येतो."

दोर वर करून ती आत आली. गोळा एका हाताने उचलेना, म्हणून दोन्ही हातांनी उचलला. क्षणभर तो तसाच धरून तिने सुनेकडे पाहिले. मग पदराने त्याची माती पुसत पुसत ती सावकाश चालत आली आणि तो कामिनीच्या ओटीत ठेवला.