बारा महिन्यांची नोटीस

प्रितीला आखातातल्या विमान कंपनीचं पत्र आलं, ते मला त्याच सकाळी कळलं. परळच्या चाळीत आम्ही शेजारी होतो, पुनर्विकासानंतर अठराव्या मजल्यावरही दारं समोरासमोर आली, आणि तिच्या आईला, शेवंतीमावशीला, आनंद हळू आवाजात सांगता येत नाही. पगार दुप्पट, रुजू व्हायची मुदत दहा महिने.

मी अभिनंदन केलं. मनात मात्र आकडा आला तो बाराचा. वैमानिकानं किती आधी नोटीस द्यायची हे आपल्याकडे सरकार ठरवतं, आणि कॅप्टनसाठी ती बारा महिने होती.

माटुंग्याच्या कॉलेजात आम्ही दोघांनी फिजिक्स केलं, वैमानिक व्हायचं दोघांनी ठरवलं. वैद्यकीय चाचणीत मला लाल-हिरव्यातला फरक ओळखता आला नाही. ती कॅप्टन झाली. मी तिच्याच कंपनीच्या धोरण विभागात टेबलाशी बसतो, सरकारच्या मसुद्यांना उत्तरं लिहितो.

त्याच महिन्यात मसुदा आला: नोटीस बारावरून सहा महिने. प्रिती रात्रीचं जेवण सोडून आमच्याकडे आली.

"अजित, तुमचं ऑफिस काय लिहिणार रे यावर?"

वरचे ठरवतात, असं मी सांगितलं. ते अर्धंच खरं होतं. कॅप्टनची जागा भरायला किती वेळ लागतो, हा तक्ता माझ्याकडे होता. नोंदी सेहेचाळीस. आतल्या को-पायलटला बढती देऊन तयार केलेले एकोणीस, त्यांना अकरा महिने. दुसऱ्या कंपनीतून कॅप्टन म्हणूनच आलेले सत्तावीस, त्यांना चार. सगळ्यांची सरासरी सातच्या जरा आत. सरकारला पाठवायच्या उत्तरात मी फक्त अकरा लिहिलं. कुणी सांगितलं नव्हतं. साहेबांनी वाचून नुसतं "छान" म्हटलं.

दिल्लीत तीन बैठका झाल्या. तिन्हींना विमान कंपन्यांना खुर्च्या होत्या. वैमानिकांच्या संघटनेला ईमेल करा असं कळवलं. प्रवाशांना कुणी विचारलंच नाही. दोन महिन्यांनी अंतिम नियम आला: बारा महिने कायम, कारण पर्यायी कॅप्टन तयार करण्यास अकरा महिने लागतात. सरकारी कागदावर माझं वाक्य छापलं गेलं होतं. मी ते चार वेळा वाचलं.

प्रिती लिफ्टजवळ भेटली. युनिफॉर्ममध्ये होती, हातात फोन, फोनवर नियम.

"अकरा आणले कुठून? मी बाहेरून आले, मला चार महिन्यांत डावीकडच्या, कॅप्टनच्या सीटवर बसवलं होतं. तुला माहितीये."

मला गप्प बसता आलं असतं. पण इतक्या वर्षांत तिच्या बाबतीत माझ्यामुळे काही घडलं होतं, आणि ते तिला ठाऊक नसावं हे मला सहन होईना.

"तक्ता मी केला," मी म्हटलं. "तुम्हा सत्तावीस जणांना मीच गाळलं."

लिफ्ट आली, दार उघडलं, मिटलं.

"का रे?"

उत्तर मला नीट येत होतं. मी लिफ्टचं बटण पुन्हा दाबलं.

त्या आठवड्यात तिची ऑफर गेली. सोमवारी तिनं तरीही राजीनामा दिला, दुसरी नोकरी हातात नसताना, बारा महिने मोजायला घेतले. शेवंतीमावशीनं मला ते दारातच सांगितलं, रडत. मी तिला पाणी आणून दिलं, आणि प्रितीनं केलं तसं करायची छाती माझी कधीच झाली नसती, हे मला पुन्हा टोचलं.