ट्रेबलच्या बटणावरचा लाल ठिपका

मित्रांनो, मी सांगतो त्यावर लगेच विश्वास ठेवू नका. मीही कुणावर ठेवत नाही. मी एक जुना अ‍ॅम्प आहे, म्हणजे गिटारचा आवाज मोठा करणारी लाकडी पेटी. माणसे मला वायर जोडतात, माझी बटणे पिळतात आणि मनात साचलेले सगळे माझ्या तोंडून ओरडून घेतात. अशा नोकरीत स्वभाव संशयी झाला तर नवल नाही.

मी कारखान्यात जन्मलो नाही. रेडिओ दुरुस्त करणाऱ्या एका तरुणाने मला त्याच्या दुकानात जुळवले. माझा ट्रान्सफॉर्मर बंद पडलेल्या सिनेमागृहातल्या यंत्राचा आहे आणि पाठीची फळी एका कपाटाच्या दाराची. तिच्यावर कडीचे भोक अजून आहे. त्या तरुणाला त्याचा मेहुणा दाजी म्हणायचा, आणि दाजींच्या बायकोला, म्हणजे स्वतःच्या बहिणीला, ताई. मी त्याच घरातला, म्हणून मीही त्यांना तेच म्हणतो. मेहुण्याला मात्र सगळे ठोक्या म्हणत. तो ड्रम वाजवायचा, आणि ड्रम नसला की टेबल, पातेले, दुसऱ्याची पाठ, जे सापडेल ते ठोकायचा.

या तिघांचा बँड होता. दाजी गिटार वाजवत आणि ओरडत, ताई बेस गिटार वाजवायची. ठोक्या एका लाँड्रीत कामाला होता. लाँड्रीच्या सुट्टीच्या दुपारी तिथल्या मागच्या खोलीत सराव चाले. दोऱ्यांवर ओल्या चादरी लटकत असत, त्यामुळे आवाज शेजाऱ्यांपर्यंत जात नसे. त्यावरून बँडचे नाव पडले 'ओले कपडे'.

त्यांच्या संगीताला पोस्ट-हार्डकोअर म्हणतात. नावाला घाबरू नका. हार्डकोअर म्हणजे पहिल्यापासून शेवटपर्यंत वेगाने ओरडत सुटणे. यांचे गाणेही तसेच सुटायचे, पण मध्येच थबकायचे, जणू भांडता भांडता माणसाला प्रश्न पडावा की आपण भांडतो तरी कशावरून. तिथे सगळे गप्प. दाजी गिटार माझ्यासमोर धरून उभे राहत आणि माझ्या तोंडून एक बारीक शीळ निघे. ती हळूहळू विरत जाई. ती संपली की त्याच क्षणी तिघांनी एकदम वाजवायचे. दुसरे बँड अशा वेळी एक-दोन-तीन मोजतात. आमच्याकडे मोजायचे नाही, कुणाकडे बघायचे नाही, फक्त ऐकायचे, असा नियम होता. लोक आमच्याकडे यायचे ते त्या शांततेसाठी.

आमच्या मागे कुठलीही कंपनी नव्हती. पहिली रेकॉर्ड त्यांनी त्या चादरींमध्येच केली. ताई छापखान्यात कागदांना घड्या घालणाऱ्या यंत्रावर काम करायची. मालकाला विचारून तिने उरलेल्या पुठ्ठ्यावर रेकॉर्डची पाकिटे छापली आणि तिघांनी जमिनीवर बसून ती दुमडली. ठोक्याची पाकिटे नेहमी वाकडी. ताई म्हणायची, चादरीला चार कोपरे असतात हे याला कळते, पुठ्ठ्याला असतात हे कळत नाही.

ते माझ्या कौतुकाचे दिवस होते. माझ्या ट्रेबलच्या बटणावर, म्हणजे आवाजाची धार वाढवणाऱ्या बटणावर, ताईने तिच्या लाल नेलपॉलिशचा ठिपका दिला होता. ठिपका वर असला की आवाज बरोबर. त्या बटणाला दाजींशिवाय कुणी हात लावायचा नाही.

मग एका दुपारी ठिपका उजवीकडे सरकलेला निघाला. दाजींनी तो जागेवर आणला. पुढच्या सरावाला तो पुन्हा सरकलेला. दाजींच्या मनात पाल चुकचुकली.

त्याच सुमारास एका मोठ्या कंपनीचा माणूस आला होता. त्याचे बूट चकचकीत होते, कोट पांढरा होता आणि माझ्याकडे बघून त्याने नाक मुरडले होते. हा खोका बदला, मग बोलू, असे म्हणून तो निघाला आणि ठोक्याला घेऊन बाहेर चहाला गेला. दोघे बराच वेळ बोलत होते. झाले! दाजींच्या डोक्यात संशयाचे भूत शिरले. हाच बटण फिरवतो, आवाज बिघडवतो आणि आपल्याला सोडून जाणार, असे त्यांनी ठरवून टाकले. ठोक्याला वाटे, दाजी स्वतःच आवाजाची धार वाढवतात, ड्रम दाबतात आणि आळ दुसऱ्यावर घेतात. दोघे एकमेकांकडे तिरके बघू लागले.

खरे काय ते मला माहीत होते. बटण ताई फिरवायची. दाजी वायरी आणायला गेले आणि ठोक्या चहा आणायला गेला की ती पटकन यायची, बटण पुढे सरकवायची आणि चादरीआड जायची. जी मला पुसायची, हिवाळ्यात माझ्यावर घोंगडी घालायची, तीच. का, ते मला कळेना. मला वाटले, ही कंपनीवाल्याला फितूर झाली. मला नादुरुस्त ठरवून भंगारात काढायचा हिचा बेत आहे. तेव्हापासून तिचा हात लागला की मी मुद्दाम खरखर करायचो.

दाजींनी शेवटी सापळा लावला. बटणाच्या कडेला काळे ग्रीस फासले आणि सरावाच्या मध्येच म्हणाले, हात दाखवा. ताईची बोटे काळी होती, पण ती रोजच काळी असत. छापखान्याची शाई तिच्या नखांतून कधी जात नसे. तिच्या हातांकडे दाजींनी पाहिलेसुद्धा नाही. ठोक्या वाटेत व्हॅनचे चाक बदलून आला होता. त्याचे तळवे काळेकुट्ट होते.

"सापडलास," दाजी म्हणाले.

"चाकाचं आहे ते, दाजी."

"आणि कंपनीवाल्याशी काय चाललं होतं?"

"त्याच्या कोटावर चहा सांडला होता. डाग जाईल का विचारत होता." ठोक्याने काठ्या खाली ठेवल्या. "तुमच्या मनात काय आहे ते आज कळलं. मी चाललो."

चोर सोडून संन्याशाला फाशी. ठोक्या व्हॅन घेऊन निघून गेला. चार दिवसांवर कार्यक्रम आला होता आणि बँड मोडला होता. ताई चादरी दोरीवर सारख्या करत राहिली. त्या सारख्याच होत्या. मग ती दाजींसमोर आली आणि तिने हात पुढे केले.

"माझेही काळे आहेत. मला का नाही विचारलंस?"

"तुझी शाई आहे."

"अर्धी शाई आहे. अर्धं ग्रीस आहे." ती खाली बसली. "मला शीळ ऐकू येत नाही रे. छापखान्यातल्या यंत्राने कान गेले. बटण पुढे केलं की थोडी ऐकू यायची. आता तीही येत नाही. ती कधी संपते, मला कळत नाही."

"मग सांगितलं का नाहीस?"

"सांगितलं असतं तर तुम्ही दोघांनी मिळून मला प्रेमाने घरी बसवलं असतं."

दाजींनी खाली बसून आपल्या बाहीने तिची बोटे पुसली. मला माझ्या खरखरीची लाज वाटली, पण पेटीची लाज कुणाला दिसणार?

दाजी तसेच उठून ठोक्याच्या घरी गेले. तिथे काय झाले ते नंतर ठोक्याच नक्कल करून सांगायचा. तो इस्त्री करत होता. त्याने मान वर न करता विचारले, कपडे कुणाचे? दाजी दारातच उभे राहिले आणि म्हणाले, माझं चुकलं. ठोक्याने त्यांच्या बाहीकडे पाहिले. "शर्ट काढा आधी. ग्रीसचा डाग बसला की बसला." दाजी बनियनवर घरी आले, पण ठोक्याला घेऊन आले.

उपाय ताईने स्वतःच काढला. शीळ चालू असते तोवर माझे लाकूड बारीक थरथरते. ती बेस घेऊन मला पाठ टेकून उभी राहू लागली. थरथर थांबली की तिचा सूर यायचा, अगदी वेळेवर. लोकांना वाटे, ही ऐटीत टेकून वाजवते. नवे बँड तिची नक्कल करू लागले. ठोक्या म्हणायचा, ताईला एक खुर्ची दिली असती तर एवढी कीर्ती झाली नसती.

पुढे पुष्कळ वर्षे 'ओले कपडे' वाजले. गावोगावी, तळघरांत, शाळांच्या रिकाम्या सभागृहांत. कंपनी शेवटपर्यंत मिळाली नाही आणि कुणी तिची आठवणही काढली नाही.

गेल्या हिवाळ्यात ताई गेली. साधा खोकला म्हणता म्हणता ती उठलीच नाही. दाजींनी माझ्यावर घोंगडी टाकली आणि मला कोपऱ्यात सरकवले. घोंगडीवर धूळ बसली. दाजी एकट्यापुरता चहा करत आणि तोही अर्धा ठेवत. जी वस्तू पाहून गेलेल्या माणसाच्या आठवणीने डोळ्यांत पाणी येते, ती वस्तू माणसे घराबाहेर काढतात, हे मी पाहिले आहे. म्हणून परवा ठोक्या व्हॅन घेऊन आला, त्याच्या हातात स्क्रू-ड्रायव्हर होता, तेव्हा मी ओळखले की आपला नंबर लागला.

त्याने माझी पाठ उघडली. आतली धूळ झटकली, सैल वायर बसवली आणि पाठ पुन्हा लावली.

"वाजवायचं का, दाजी?"

"बेस कोण वाजवणार?"

"जागा ठेवू तिची."

ठोक्याने व्हॅनमधून ड्रम आणून माझ्या शेजारी मांडले आणि दाजींनी मला चालू केले. ट्रेबलच्या बटणावरची धूळ अंगठ्याने पुसली. ठिपका वर होता. त्यांनी तो उजवीकडे फिरवला, ताई जिथे न्यायची बरोबर तिथे, आणि तसाच सोडला. गाणे सुटले, मध्ये थबकले. मी शीळ घातली. दोघे म्हातारे एकमेकांकडे बघू लागले. दोघांनाही ती ऐकू येत नव्हती.

मग दाजींनी मला पाठ टेकली. ठोक्याचे हात काठ्यांत गुंतले होते, म्हणून त्याने चप्पल काढून पाऊल माझ्या कुशीला लावले. मी थरथरलो, आणि थांबलो. दोघे एकदम आत आले. बेसची जागा तेवढी रिकामी राहिली.

मित्रांनो, एखादी खूण हललेली दिसली तर कुणी हलवली याचा शोध जरूर घ्या, पण आधी विचारा की ती का हलवावी लागली. आणि जुन्या वस्तूंची धूळ पुसा, त्यांना ओल लागू देऊ नका. बाकी माझ्या बटणांपासून मात्र हात लांब ठेवा. ट्रेबलच्या तर नक्कीच. ते आता जिथे आहे तिथेच बरोबर आहे.