मानसिंगच्या वाटणीचे गोळे

आमच्या कुंडल गावात वाशाला ओलं फडकं बांधून टांगलेलं दिसलं की माणूस आधी मनात म्हणतो, कोण गेलं? राख सावडून आणली की ती उंबऱ्याच्या आत घेत नाहीत. फडक्यात बांधून बाहेर टांगतात आणि मग नदीला नेतात. पोरासोरांनाही हे ठाऊक असतं.

म्हणून एकाहत्तर सालच्या डिसेंबरात रंगूबाईच्या सोप्याबाहेर एक पांढरं गाठोडं थेंब थेंब गळताना दिसलं, तेव्हा गल्लीतल्या धोंडुबाईनं डोक्यावरची घागर माझ्या कट्ट्यावर उतरवली.

"आण्णा, रंगाक्काच्या वाशाला काय टांगलंय बघितलंसा?"

"बघितलं. तांदळाचं पीठ हाय."

"पीठ कुणी टांगतं व्हय?"

बोलणं बरोबर होतं. पीठ डब्यात असतं. पण माझी आणि रंगूबाईची भिंत एकच, त्यामुळं त्या घरातल्या बऱ्याच गोष्टी मला माहीत असतात, आणि ज्या माहीत नसतात त्या मी जुळवतो. आदल्या दिवशी रंगूबाईची सून विजयमाला पाट्यावर भिजलेला तांदूळ वाटत होती. तोही पाटणकडचा नवा, शिजवला तर गिच्च गोळा होणारा. जोंधळा खाणाऱ्या घरात सण नाही, पाहुणा नाही, आजारी नाही, आणि तांदूळ कशाला वाटायचा? मलाही जरा खटकलं होतंच.

ही विजयमाला रंगूबाईच्या लेकानं, मानसिंगनं, शिलाँगहून आणलेली. तो पलटणीत, तिचा बाप तिकडं बूट शिवणारा चिनी. लग्नात नाव बदललं, पण नाकडोळे कोण बदलणार? मानसिंगनं गावात सांगितलं, नेपाळकडची हाय. बासष्टला ज्यांच्याशी आपली लढाई झाली त्यांची लेक घरात आणली, हे सांगायला छाती लागते. मानसिंगची छाती भरतीच्या वेळी साहेबानं फुगवून मोजलेली, पण आईपुढं ती कमीच भरायची. खरं काय ते त्यानं मला एकट्याला सांगितलं, कारण माझ्या बोलण्यावर गावात कुणी विश्वास ठेवत नाही हे त्याला पक्कं ठाऊक होतं. मी ते चावडीवर तीनदा सांगितलं. लोक हसले आणि तंबाखू मळत बसले.

तर नुकतीच लढाई संपली होती. रेडिओनं तसं सांगितलं, पेढे वाटून झाले. गावातल्या बाकीच्या पोरांच्या खुशालीचे कागद आले. मानसिंगचं काहीच आलं नाही. पोस्टमन आला की रंगूबाई दारात उभी राहायची, आणि तो सायकल न थांबवता पुढं गेला की आत वळून सुनेच्या तोंडाकडं बघायची.

कारण धोंडुबाईनं तिच्या डोक्यात एक किडा सोडला होता. "आक्का, तू रानात असतीस. सून घरात. तिला वाचता येतं, तुला येत न्हाई. तार आली असंल, आन् तिनं ती चुलीत घातली असंल, तर तुला कवा कळणार?"

तेव्हापासून रंगूबाई रोज सकाळी चुलीतली राख हातानं चाळून मगच बाहेर टाकायची. सुनेला वाटायचं, सासू भांडी घासायला बारीक राख काढतेय. ती बिचारी चाळण आणून द्यायची.

आणि आता हे गाठोडं.

धोंडुबाई विस्तव मागायच्या निमित्तानं त्यांच्या घरात शिरली. मी कात मागायला गेलो. रंगूबाई भिंतीला टेकून बसली होती आणि सुनेचे हात बघत होती. विजयमालेनं गाठोडं सोडलं, पाणी निथळून घट्ट झालेलं पीठ परातीत घेतलं. मग शेजारची वाटी पुढं ओढली. वाटीत काळे तीळ होते.

धोंडुबाईनं माझ्याकडं बघितलं. संक्रांतीला आम्ही पांढरे तीळ घेतो. काळे तीळ दुकानदार पुडीत बांधता बांधता विचारतो, कुणाचं श्राद्ध हाय? तीळ भाजून, कुटून, गुळात आणि तुपात मळलेले होते हे खरं, पण तेवढं बघायला डोकं जागेवर लागतं. विजयमालेनं पिठाचा गोळा हातात घेतला, अंगठ्यानं खळगा केला, आत काहीतरी भरलं, तोंड मिटवलं आणि दोन्ही तळव्यांत वळून परातीत ठेवला. पांढरा, गोल, गुळगुळीत. मग दुसरा. मग तिसरा. आणि वळता वळता ती गुणगुणत होती.

"आण्णा," धोंडुबाई माझ्या कानाशी म्हणाली, "नदीकाठी दहाव्याला भटजी वळतोय तसंच की वो."

मी म्हटलं, "भटजी गुणगुणत न्हाई."

पण रंगूबाईनं ऐकलं. तिच्या हातातली जपमाळ थांबली.

चुलीवर आलं ठेचून घातलेलं गुळाचं पाणी होतं आणि दुसऱ्या पातेल्यात आधण. गोळे आधणात सोडले, ते तळाला गेले. धोंडुबाई वाकून बघत राहिली. थोड्या वेळानं एकेक गोळा आपोआप वर आला. तशी ती दोन पावलं मागं सरली, जणू बुडालेला माणूसच वर आला.

विजयमालेनं वाट्या भरल्या. सासूला एक, स्वतःला एक, आमच्या दोघांसाठी दोन. मग तिनं फळीवरून मानसिंगची पितळी काढली. तो गेल्यापासून ती पालथी होती. धुऊन, पुसून तिनं त्यात गोळे वाढले, वर गुळाचं पाणी घातलं.

"ह्ये कुणाला?" रंगूबाईनं विचारलं.

"उनका, आत्ती."

"त्यो हितं हाय व्हय?"

"न्हाई," विजयमाला म्हणाली, "म्हणून तर काढलं."

जो हजर नाही त्याचं ताट आमच्याकडं कधी वाढतात, हे त्या पोरीला कुणी सांगितलं नव्हतं. ती शांतपणे पितळी घेऊन अंगणात गेली आणि निवावी म्हणून कुसवाच्या भिंतीवर ठेवून आली. सर्वपित्रीला आम्ही कावळ्यासाठी पान ठेवतो, त्याच कुसवावर. वर निंब, आणि निंबावर कावळा.

रंगूबाई उठून दारात आली. "तार आली का गं?" तिनं विचारलं. आवाज अगदी हळू. "आली आसंल तर सांग. मी रडणार न्हाई."

"कसली तार, आत्ती?"

"बघ, विचारतीया कशी," धोंडुबाई म्हणाली. "आता कावळाच काय ते सांगंल."

कावळ्याचं काय असतं, ते रंगूबाईला माहीत होतं. नवऱ्याच्या दहाव्याला उन्हं उतरली तरी कावळा पिंडाला शिवेना. शेवटी तिनं हात जोडून सांगितलं होतं, मानसिंगला सांभाळीन, त्याला काही कमी पडू देणार नाही. तेव्हा कुठं तो खाली आला. आणि हा आजचा, न बोलावता, फांदी सोडून कुसवावर उतरलाच. एक उडी. दुसरी. मान तिरकी करून त्यानं पितळीत बघितलं.

आम्ही तिघंही त्याच्या चोचीकडं बघत होतो. सून तेवढी गोंधळून आमच्या तोंडांकडं बघत होती.

कावळ्यानं चोच घातली आणि रंगूबाई धावली. साठीच्या पुढची बाई, गुडघे धरलेले, पण मी सांगतो, रानातली हरणी पण मागं पडली असती. तिनं पितळी हिसकावली, कुसवाला पाठ लावली आणि उभ्या उभ्या एकेक गोळा तोंडात कोंबायला लागली. एक गिळायच्या आत दुसरा, दुसऱ्यावर तिसरा. पदरावर गुळाचं पाणी सांडलं. एकही कावळ्याला मिळू द्यायचा नाही, असं तोंड करून.

"आक्का, आगं शिवलाय त्यो," धोंडुबाई म्हणाली.

रंगूबाईला बोलायचं होतं, पण जबडा उघडेना. नव्या तांदळाचा चिकटा होता तो. तिचं तोंड कुंडलानं पहिल्यांदाच बंद बघितलं. कावळ्याची गत तीच. ती पोचायच्या आतच एक गोळा चोचीत घेऊन तो निंबावर गेला, काव म्हणायला गेला आणि नुसती मान हलवत राहिला. पुढं कितीतरी दिवस तो पलूसच्या बाजारात गप्प बसलेला असायचा म्हणे, आणि मौनी आहे असं समजून एक व्यापारी त्याला रोज शेंगदाणे घालायचा.

इकडं रंगूबाईनं शेवटचा गोळा चावला आणि थांबली. तिनं जीभ फिरवली. पुन्हा चावलं. मग पदरानं तोंड पुसलं.

"धोंडे," ती म्हणाली, "पिंडात गूळ आसतो का गं?"

"न्हाई."

"भाजलेलं तीळ?"

"पिंडात तीळ भाजून कोण घालतंय?"

"मग ह्येच्या आत हाय. आन् कावळा शिवला न्हाई. त्यानं चोरलं. पिंडाला शिवत्यात, चोरत न्हाईत." मग ती सुनेकडं वळली. "आता सांग, ह्ये काय हाय."

विजयमालेनं अर्ध्या हिंदीत, अर्ध्या आमच्या बोलीत सांगितलं. वर्षाचा सगळ्यात लहान दिवस असतो, त्या दिवशी तिची आई हे गोळे करायची. घरातल्या सगळ्यांनी मिळून खायचे. कुणी लांब असलं तर त्याचं वेगळं काढायचं, आणि त्याच्या वाटणीचं घरातल्यानंच खायचं, म्हणजे तो जिथं असेल तिथं उपाशी राहत नाही आणि घराकडं वळतो.

"कुणी खायचं?"

"आईनं खाल्लं तर सगळ्यात बरं."

रंगूबाईनं रिकाम्या पितळीकडं बघितलं. तळाशी थोडं गुळाचं पाणी उरलं होतं, ते तिनं पिऊन टाकलं.

"एक गेला कावळ्याच्या तोंडी," ती म्हणाली. "तेवढा आजून घाल."

सुनेनं घातला. तो तिनं सावकाश, खाली बसून खाल्ला.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी भिंतीवरून बघत होतो. रंगूबाईनं चुलीतली राख सुपात भरली आणि न चाळता उकिरड्यावर टाकली.

मानसिंग आला तो संक्रांत झाल्यावर, पायाला पट्टी बांधून, कुबडीवर. इस्पितळात होता. खुशालीचा कागद त्यानं दुसऱ्या जवानाकडून लिहून घेतला होता, तो त्याच्या मागनं आला. जेवायला बसल्यावर त्यानं मान खाली घालून सांगून टाकलं, "आई, ही नेपाळची न्हाई. चिनी हाय."

"आण्णा म्हणत हुता," रंगूबाई म्हणाली, "मला वाटलं, नेहमीसारखंच सांगतंय. जेव तू."

मग त्यानं गोळ्यांचं ऐकलं आणि विचारलं, "माझ्या वाटणीचं कुठायत?"

"मी खाल्लं."

"सगळं?"

"सगळं. म्हणून तर हितं बसलायस."

अजून दरवर्षी त्या लहान दिवशी त्यांच्या वाशाला पिठाचं गाठोडं टांगतात. मानसिंग पेन्शनवर घरीच असतो, कुठं जात नाही. तरी त्याची पितळी वाढायच्या आधी रंगूबाई काठी घेऊन अंगणात जाते, निंबाखाली उभी राहते आणि वर एकही कावळा उरला नाही याची खात्री करूनच आत येते.